पुढे होणे

तुम्ही नव्या आहात, पाद्रीबाई, राग मानू नका,
पण परवा वाचन संपल्यावर तुम्ही जे सांगितलंत
ते मला साठ वर्षं उशिरा कळलं.

त्या लाकडी गरुडाच्या पंखांवर
जे जाड पुस्तक उघडं असतं ना, ओलीनं फुगलेलं,
त्यातून मी एकतीस वर्षं वाचतेय,
आणि एका शब्दापाशी दरवेळी आवंढा गिळते.
प्रिव्हेंट.
लोकांना वाटतं, हेस्टरला आता दम लागतो.

तुम्ही म्हणालात, जुन्या इंग्रजीत
त्याचा अर्थ अडवणे नव्हेच.
पुढे जाणे. कुणाच्या आधी पोचणे.
तांबडं फुटायच्या आत उठून उभा राहणारा माणूस
पहाटेला प्रिव्हेंट करतो,
म्हणजे तिला थोपवत नाही, तिच्यापुढे होतो, एवढंच.
किती सहज सांगितलंत,
कपात दुसरा चमचा साखर घालता घालता.

मी अकरा वर्षांची होते.
फेब्रुवारी. ओढा काठांकडून गोठत आत आलेला.
लॅन्टी मेंढ्या आणायला निघाला, वरच्या कड्याकडे.
एकोणीस मेंढ्या, सगळ्या गाभण.
बापाचा पाय मोडलेला. आई काही बोलली नाही,
फक्त त्याच्या खिशात एक गरम बटाटा घातला.
मी माळ्यावर जाऊन गुडघे टेकले
आणि मला येत होता तो सगळ्यात मोठा शब्द काढला,
चर्चमधला,
देवाला घरचे शब्द चालत नसतील म्हणून.
देवा, माझ्या भावाला प्रिव्हेंट कर.

तो गेला.
तिसऱ्या दिवशी सापडला.

तेव्हापासून माझं आणि त्या शब्दाचं बोलणं नाही.
वाचते, पण वैऱ्याच्या दारावरून जावं तशी,
मान खाली घालून.

आणि आता तुम्ही म्हणता
मी मागितलं ते हे नव्हतंच.
मी मागितलं होतं, त्याच्यापुढे चाल.
तो पोचायच्या आत तू तिथं पोच.

मग ऐकलं काय गेलं?
पोरीनं म्हटलं ते, की तिला म्हणायचं होतं ते?
वर अजून जुनीच भाषा चालते का?
तिथं कुणी खाली वाकून विचारत नाही का,
बाळ, तुला नक्की काय हवंय?

उत्तर देऊ नका. चहा निवतोय तुमचा.

नेलचं सांगायचं राहिलंच. आमची कुत्री.
मेंढरांचं कुत्रं नुसतं मागून हाकत नाही, ठाऊक आहे ना?
लांबचा वळसा घालतं, पुढे जातं
आणि जमीन जिथं तुटते तिथं आडवं उभं राहतं.
पुढे होणं आणि अडवणं,
नेलला त्याला दोन शब्द लागत नव्हते.

बापानं एकदाच सांगितलं, पाठमोरा बसून, बूट घासत.
एकोणीसच्या एकोणीस दगडी भिंतीच्या आडोशाला, जिवंत.
नेल कड्याच्या तोंडाशी, त्यांच्याकडे बघत,
मिशांवर बर्फ.
लॅन्टी तिच्या पाठीमागे, खूप खाली.
तो तिच्याही पुढे गेला होता.

एवढंच. याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.
कधी वाटतं, खाली कुणीतरी आधीच जाऊन थांबलं असेल,
त्याच्यासाठी अंथरूण ऊबदार करून.
कधी वाटतं, हे म्हातारीचे चोचले.

नवी प्रत आलीय म्हणे, खोक्यात आहे.
तिच्यात हा शब्द नाही, सोपा घातलाय.
बरं केलं. पोरांना कळायला हवं.
पण येत्या रविवारी पाळी माझी आहे.
जुनं पुस्तक तेवढं तिथंच असू द्या.
मला तो एकदा मान वर करून वाचायचाय,
आणि वाचून झाल्यावर जरा थांबायचंय.

खांबाजवळचा हीटर तेवढ्यापुरता बंद ठेवा.
फार आवाज करतो तो.